मुहूर्ताची ओत

"आक्का, मशीन बंद न्हाई करायचं, झोपवायचं," मी सांगत हुतो. "बंद केलं तर दिवा इझतो. झोपवलं तर लुकलुकत ऱ्हातो."

"मग झोपव," आक्का म्हणल्या. "मेलेल्या यंत्राची पूजा मी करत न्हाई. त्यात जीव पाहिजे."

खंडेनवमीचा आदला दिवस. आक्का म्हणजे आमच्या मालकांच्या आई. फाउंड्रीत सगळे मालकांना भ्यायचे आणि मालक आक्कांना भ्यायचे. मी क्रेनवर. वर छताला लागून क्रेन, तिच्या खाली टांगलेली माझी केबिन, आणि खाली भट्टीतला रस. लोखंड वितळलं की आमी त्याला रस म्हणतो. त्यो लॅडलमधी, म्हणजे मोठ्या भांड्यात घ्यायचा, हुकाला लावून उचलायचा, साच्यांपाशी न्यायचा आणि ओतायचा. माझं सगळं आयुष्य ह्यात गेलं. शाळेत गेलतो, पण शाळा माझ्यात आली न्हाई.

उन्हाळ्यात क्रेनला नवा डबा बसवलता. काँप्युटरच म्हणा की. बसवायला पुण्याच्या एका कंपनीतनं ऋजुताम्याडम आलत्या. बारीक अंगाच्या, पायात बूट, केस वर बांधलेले. आठवडाभर माझ्या केबिनीत उकिडव्या बसून त्यांनी मला डबा शिकवला.

"सर्जेराव, हुकाचा दोर किती सुटला ते एक कार्ड मोजतं," त्या म्हणायच्या. "म्हणजे हूक किती उंचीवर आहे ते डब्याला कळतं. तुम्ही 'ओत उंची'चं बटण दाबलं की हूक बरोबर त्या उंचीला जाऊन थांबणार. डोळ्याचा अंदाज नको."

"आणि लाइट गेली तर?"

"डबा झोपतो. झोपायच्या आधी हूक कुठं होता ते लिहून ठेवतो. झोपेत कार्डाचं डोकं रिकामं होतं. पण उठल्याबरोबर डबा त्याला सांगतो, तू इथं होतास, इथनं पुढं चालू कर."

"आणि पार बंद केला तर?"

"मग पहिल्यापासून. त्या खांबावर पांढरी रेघ मारलीय ना, तिथं हूक आणून हिरवं बटण दाबायचं. मग कामाला लागायचं. झोपवला तर तो वेळ वाचतो."

वर जुनं एक लोंबतं वजन हुतं. हूक लई वर गेला की त्याला धडकायचा आणि मोटर आपसूक बंद पडायची. धुळीनं ते सारखं अडकायचं. डबा आल्यावर त्यांच्या कंपनीनं ते काढून टाकलं. आता डबाच बघणार म्हणले.

त्याच आठवड्यात दस्तगीरनं म्याडमला हाताचे इशारे शिकवले. दस्तगीर मुल्लाणी, आमचा ओतारी. लॅडलला एक चाक असतंय, ते फिरवलं की लॅडल कलतं आणि धार पडती. त्या चाकावर दस्तूचा हात म्हणजे हात हुता. मला क्रेनवर चढवलं त्यानंच.

"अंगठा वर म्हणजे उचल," त्यानं दाखवलं. "तळवा खाली म्हणजे सोड. आणि दोन्ही हात डोस्क्यावर असे आडवे, कात्रीवानी, म्हणजे थांब. म्याडम, करून दाखवा बघू."

म्याडमनी हसत हसत कात्री केली.

"हसायचं न्हाई. 'उचल' एकट्यानंच म्हणायचं, ओताऱ्यानं. पण 'थांब' कुणी बी म्हणू शकतंय. पाव्हणा असू दे, च्यावाला असू दे. सर्ज्या थांबणार. इचारणार न्हाई का म्हणून. काय सर्ज्या?"

"व्हय. आधी थांबणार, मग शिव्या देणार," मी म्हणलो.

मग पावसाळ्यात दस्तूला झटका आला. डावी बाजू गेली. मिरजेला दवाखान्यात ऱ्हायला, घरी आला, काठी आली, काठी गेली. आणि खंडेनवमीला बघतो तर गडी इस्तरीचा शर्ट घालून गेटात उभा.

"काय बघालाईस भूत बघितल्यावानी? आलो म्हण की."

"पूजेला आलास नव्हं?"

"पूजेला आज. उद्या मुहूर्ताला."

आमच्याकडं रीत अशी. खंडेनवमीला यंत्राची पूजा, त्या दिवशी एक बी मशीन चालवायचं न्हाई. दसऱ्याला सकाळी मुहूर्ताची ओत. एकच लॅडल, पण ती ओत थोरल्या मालकांपासनं दस्तूच्या हातची. त्यो आजारी असताना यल्लाप्पा चाकावर उभा ऱ्हायचा. चांगला पोरगा, दोन लेकरांचा बाप. पण मुहूर्त म्हणजे दस्तू. त्यात कुणाचं दुमत न्हवतं.

माझं हुतं. कारण आदल्या सांजच्याला शमाबी, त्याची बायको, माझ्या दारात आलती.

"भाऊजी, ह्यांना दसऱ्याला भट्टीम्होरं उभं करू नका," म्हणली. "हातातनं च्याचा कप पडतोय आणि ह्यांना कळत न्हाई. पडला तरी बोटं तशीच धरल्यावानी. मी म्हणती, कप पडला. हे म्हणतात, धरलाय की."

"डाक्टर काय म्हणतोय?"

"डाक्टर म्हणतोय, सकाळी उठलं की आधी बोटं मोजायची. पाय दाबून बघायचा. हाय का जागेवर ते बघायचं आणि मग उभं ऱ्हायचं. हे ऐकतील? म्हणतात, माझी बोटं मी मोजू? मी काय ल्हान पोर हाय? झोपताना पाच हुती, उठल्यावर पाचच असणार."

मी म्हणलो, बोलतो त्याच्याशी. आणि बोललो बी. पूजेच्या गडबडीत त्याला वाळूच्या ढिगाआड नेलं.

"दस्तू, उद्या यल्लाप्पाला करू दे. तू नारळ फोड."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सर्ज्या, घरात बसून मी भिंत बघितलीय. भिंतीवरची पाल मला नावानं वळखती. मी जिथं सोडलं तिथनं परत धरणार. त्यात एक दिवस बी मधी गेला न्हाई असं समज."

आणि पाठीवर थाप मारली. डाव्या हातानं मारली, मला दाखवायला. थाप खांद्यावर पडायची ती कानावर पडली. त्याला ते कळलंच न्हाई.

पूजा झाली. हूक आमी आदल्या दिवशीच धुऊन, तेल लावून जमिनीवर टेकवलता, आणि तसाच डबा झोपवलता. आक्कांनी हुकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, ऊस बांधला. मी वर चढून डब्याला हार घातला, कुकू लावलं. हार मोठा, सगळा पडदा झाकून गेला. झेंडूच्या मागनं हिरवा दिवा लुकलुक, लुकलुक. झोपलेल्या माणसाची छाती हलती तसा.

"आता हूक वर घ्या," आक्का म्हणल्या. "पुजलेल्या हुकाला कुणाचा पाय लागता कामा न्हाई."

"मशीन चालवायचं न्हाई ना आज," मालक म्हणले.

"दरसाल काय करताय? हातानं घ्या."

दरसाल तेच हुतं. दोन फिटर वर चढायचे, मोटरच्या शेपटाला हातचाक लावायचे, एक ब्रेक उचलायचा, दुसरा फिरवायचा. रिकामा हूक मुंगीच्या पावलानं वर जायचा. आधीच्या सालापेक्षा निराळं काय बी न्हवतं. हूक माणसाच्या दुप्पट उंचीवर गेला, ऊस लोंबत ऱ्हायला, आणि आमी सगळे प्रसादाला बसलो.

दसऱ्याला सकाळी म्याडम पुण्यासनं आल्या. मालकांनी बोलवलतं. डब्याचा पहिला दसरा म्हणून. साडी नेसलत्या, वळखू येईनात. दस्तू त्यांना बघून खूष.

"म्याडम, इशारे ध्यानात हायत का?"

"आहेत. तुमची तब्येत कशी आहे?"

"जशी सोडलती तशी."

मी केबिनीत चढलो. डबा उठवला. लुकलुक थांबली, दिवा घट्ट झाला. हार तसाच ठेवला. मुहूर्त हुईस्तोवर पूजेचा हार काढत न्हाईत, आमच्याकडं न्हाईच. हूक केबिनीतल्या दांड्यानं हळूहळू खाली घेतला. भट्टीम्होरं खड्डा हाय, त्यात लॅडल ठेवलेलं असतंय. यल्लाप्पानं ते हुकाला अडकवलं. भट्टी कलली. रस पडाय लागला तसा सगळा शेड तांबडा झाला.

माझं ध्यान दस्तूच्या डाव्या हातावर. जाड हातमोजा, त्यात बोटं दिसत न्हवती. त्यो लॅडलच्या चाकापाशी येऊन उभा ऱ्हायला, उजवा हात चाकावर, डावा बी चाकावर. मला वाटलं, धरलंय का नुसतं ठेवलंय? शमाबीचा कप डोळ्याम्होरं आला. मी मनात म्हणलो, आज काय तरी हुणार. माझी सगळी भीती त्या हाताची. दुसरीकडं कुठं बघायचं मला सुचलंच न्हाई.

लॅडल भरलं. धूर उठला. भरल्या लॅडलचा धूर सरळ केबिनीवर येतोय, खालचं काय बी दिसत न्हाई, नुसता लाल गोळा आणि माणसांच्या सावल्या. म्हणून तर त्यो डबा घेतलता. धुरातनं दस्तूचा अंगठा वर आला. उजव्या हाताचा.

मी 'ओत उंची' दाबलं.

हूक उचलला. लॅडल खड्ड्यातनं वर आलं, जमिनीला लागलं, जमीन सोडली. रोज ते माणसाच्या छातीला आलं की थांबायचं. दस्तू चाकासंगट चालायचा.

थांबलं न्हाई.

चाक दस्तूच्या हातातनं वर गेलं. मला वाटलं, सुटला हात! बघ, सुटला! मी त्याच्या हाताला शिव्या घालत हुतो आणि लॅडल त्याच्या डोस्क्यावरनं वर चाललतं. डबा गप. दिवा हिरवा. मोटरचा आवाज साधा, रोजचा. मी त्या आवाजावर इस्वास ठेवून बसलेला. आत्ता थांबंल, आत्ता थांबंल.

तवा धुरात कुणीतरी पळताना दिसलं.

फाउंड्रीत कुणी पळत न्हाई. पहिल्या दिवशी शिकवतात, रस असताना पळायचं न्हाई. ही सावली पळत हुती, साडी गुडघ्यापातुर धरलेली. माझ्या पुढ्यात आली, साडी सोडली आणि दोन्ही हात डोस्क्यावर आडवे केले. कात्री.

मी इचारलं न्हाई का म्हणून. लाल बटणावर मूठ आपटली.

सगळी क्रेन हबकली. लॅडल झुललं. काठावरनं रसाचा एक हबका सुटला आणि खाली ओल्या वाळूवर पडला. फाट! ठिणग्या छतापातुर. माणसं चारी दिशांना पांगली. मालक आक्कांना धरून हापिसात शिरले. यल्लाप्पा साच्यांच्या पेट्यांमागं पालथा.

दस्तू तिथंच उभा. भरलेल्या लॅडलच्या खाली, वर बघत.

"पळ!" मी वरडलो. "दस्तू, पळ की रं!"

हलला न्हाई.

धूर जरा इरळला तसं मी मान वर केली. हुकाचा ठोकळा आणि वरचा दोर गुंडाळायचा ढोल, ह्यांच्यात टीचभर फट ऱ्हायलती. ठोकळा ढोलात गेला असता तर दोर तुटला असता. दोर तुटला असता तर मग काय, खाली दस्तू हुता.

फिटर वर चढले. ब्रेक हातानं सोडत सोडत लॅडल खाली खड्ड्यात उतरवलं. तवर यल्लाप्पानं जाऊन दस्तूला कवळ्यात धरून बाजूला आणलं. मी शिडी उतरून खाली आलो.

मालक म्याडमवर धावून आलते. "मुहूर्ताला आडवं जाता? स्वताला समजता कोण तुमी?"

म्याडमनी नुसतं वर बोट केलं. मालकांनी बघितलं. तोंड उघडं ऱ्हायलं ते मिटलंच न्हाई.

खाली काय झालतं ते मग कळलं. आक्का म्याडमजवळ खुर्चीवर बसलत्या, आणि अभिमानानं सांगत हुत्या की पुजलेल्या हुकाला आमी पाय लागू देत न्हाई, वर घेतो. म्याडमनी इचारलं, काल तर मशीन चालवायचं नसतं ना? आक्का म्हणल्या, इश्श, चालवतोय कशाला? हातानं घेतला. एवढं ऐकलं आणि ही बाई खुर्चीवरनं उठली ती पळतच सुटली.

"डबा झोपला तेव्हा हूक जमिनीवर होता," म्याडम सांगत हुत्या. "झोपेत तुम्ही तो वर नेलात. उठल्यावर डब्यानं कार्डाला सांगितलं, हूक जमिनीवर आहे. जेवढा वर नेला तेवढी त्याची जमीनच वर सरकली. त्याच्या हिशोबानं तो बरोबर उंचीलाच चालला होता."

"म्हणजे मी म्हणलं म्हणून," आक्का हळूच बोलल्या. तेवढ्यात म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.

"नाही हो आक्का. माणसं हूक हलवणारच. उठल्यावर हूक कुठं आहे ते बघायला हवं होतं. आम्ही त्याला नुसतं आठवायला शिकवलं, बघायला शिकवलंच नाही."

मालकांना आता कुणाला तरी मोठं करायचं हुतं. असल्या वक्ताला माणसाला तसं लागतंय. त्यांनी आपला फेटा काढला आणि दस्तूच्या डोस्क्यावर ठेवला.

"बघा, बघा ह्याला! आमी सगळे पळालो, मी बी पळालो. हा पठ्ठ्या पाय रोवून उभा! रसाखाली उभा! ह्याला म्हणतात ओतारी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यल्लाप्पा तर पाया पडला. दस्तू फेट्याखालनं आपल्या पायाकडं बघत हुता. दुपारी दुसरं लॅडल काढून मुहूर्त करायचं ठरलं, आणि त्यो बी दस्तूच्याच हातनं. आता कोण न्हाई म्हणणार?

मी त्याला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. म्याडम तिथं तोंड धूत हुत्या.

"लई छातीचा हाईस बाबा," मी म्हणलो.

"गप ऱ्हा सर्ज्या."

"का?"

त्यानं म्याडमकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मी पळालो," म्हणला.

"कधी?"

"तू वरडलास तवा. पायाला म्हणलो, पळ. आणि मला वाटलं मी पळालो. भिंतीपातुर गेलो असंच वाटलं. मग बघतो तर लॅडल अजून डोस्क्यावरच."

म्याडमनी नळ बंद केला. टाकीतनं पाणी ठिबकत हुतं. मग दस्तूनंच इचारलं.

"म्याडम, त्या डब्याचं आता काय करणार?"

"आज पूर्ण बंद करून पहिल्यापासून चालू करणार. पांढऱ्या रेघेवर हूक आणून. आणि पुण्याला गेल्यावर बदलणार. झोपेतनं उठला की आठवणीवर एक पाऊल टाकायचं नाही. आधी रेघेला यायचं, मग काम. ते वरचं वजनही परत लावायला सांगते."

"आणि त्यो आयकणार?"

"त्याला ऐकावंच लागतं. तो माणूस नाही."

दस्तू हसला. लई दिवसांनी हसला, अर्ध्या तोंडानं.

दुपारी मी केबिनीतला हार काढला. आक्कांनीच सांगितलं. पडदा मोकळा. डबा पार बंद केला, चालू केला, हूक पांढऱ्या रेघेवर आणला, म्याडमनी खालनं मान हलवली, हिरवं बटण दाबलं. लॅडल भरलं. धूर वर आला. खाली मालक, आक्का, शेडभर माणसं. दस्तू फेटा बांधून चाकापाशी आला. दोन्ही हात चाकावर ठेवले.

मी अंगठ्याची वाट बघत हुतो.

दस्तूनं हात चाकावरनं काढले. दोन्ही हात वर केले. डावा पुरता वर जाईना, त्यानं उजव्यानं धरून वर नेला. आणि डोस्क्यावर, फेट्याच्या वर, आडवे केले. कात्री.

मी बटणावरनं हात काढून घेतला.

मालक खालनं काय तरी वरडले. दस्तूनं तिकडं बघितलं न्हाई. फेटा काढून यल्लाप्पाच्या डोस्क्यावर घातला, त्याचा हात धरून चाकावर ठेवला, आणि दोन पावलं मागं सरकला. मग दातांनी डाव्या हातातला मोजा वढला. तळवा डोळ्याम्होरं धरला आणि उजव्या हातानं एकेक बोट दाबत, सगळ्या शेडदेखत, मोजाय लागला.

यल्लाप्पाचा अंगठा कवाच वर आलता. पण दस्तूची पाची बोटं मोजून हुईस्तोवर मी हूक हलवला न्हाई.